एक्केचाळीस कोयते

मित्रांनो, मी एक जुने, निळे हेल्मेट आहे. कपाळाच्या वर, उजव्या अंगाला, मला केसाएवढा तडा गेला आहे. तो इतका बारीक आहे की मिस ऑरीथाच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांना तो कधी दिसत नाही. एकाच माणसाला तो दिसला, आणि त्याच दिवशी माझे खेळणे संपले. त्या तड्याची आणि ज्या डोक्यावर मी तीन वर्षे बसलो त्या डोक्याची ही हकिकत आहे. ती आनंदाची नाही. तिच्यात माझाही दोष आहे, आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म साच्यात झाला. मला बाहेरून कडक कवच मिळाले, आतून मऊ गाद्या मिळाल्या आणि तोंडापुढे लोखंडी जाळी बसली. मग कारखान्यातल्या लोकांनी मला एका जड गोळ्यावर चढवले आणि उंचावरून खाली आपटले. असे सात-आठ वेळा केले. चष्मा लावलेल्या एका बाईने काट्याकडे पाहून मान डोलावली. मी पास झालो. आता जगात आपल्याला भ्यायचे कारण नाही, असे मला वाटले. त्या बाईने माझ्या आत, टाळूच्या जागी, एक कागद चिकटवला. त्यावर बारीक अक्षरात काहीतरी लिहिले होते. मी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. पुढे ज्या मुलाने मला घातले त्यानेही दिले नाही, कारण मला डोक्यात घातले की तो कागद डोक्यावर यायचा. तो वाचायचा तर मला काढून उलटे धरावे लागते, आणि एवढी सवड कोणाला होती.

मी मेरीडेल नावाच्या गावातल्या शाळेत आलो. मेरीडेलच्या एका बाजूला तळ्याचा उंच बांध आहे आणि बाकी तिन्ही बाजूंना काळ्या मातीत ऊसच ऊस आहे. शाळेच्या संघाला सगळे 'कोयतेवाले' म्हणतात, कारण त्या मुलांच्या आजोबांनी तो ऊस हाताने तोडला होता. आता यंत्रे तोडतात. तोडणीआधी पाला जाळायला फड पेटवायची पद्धत मात्र अजून आहे. थंडीत फड पेटला की आतले ससे जिवाच्या आकांताने बाहेर पळतात आणि कडेला उभी असलेली पोरे ते हाताने धरतात. ससा सरळ पळत नाही. तो डावीकडे बघतो आणि उजवीकडे जातो. त्याला धरायचे तर त्याच्यासारखेच वळावे लागते. मेरीडेलची पोरे चालायला लागली की हेच शिकतात, म्हणून तिथल्या पायांना चांगल्या चांगल्या कॉलेजांत मागणी असते.

सामानाच्या खोलीत मिस्टर एझेल होते. साठीला आलेले, काटक, कायम खिशात उकडलेल्या शेंगा. कोणाला कोणते हेल्मेट बसते ते तेच पाहायचे. ऑगस्टमधल्या एका दुपारी त्यांच्यासमोर पंधरा वर्षांचा एक पोरगा येऊन उभा राहिला. मान लांब, हात लांब, डोक्याला खोबरेल तेलाचा वास.

"कोणाचा रे तू?" मिस्टर एझेलनी विचारले.

"मिस ऑरीथाचा. मक्याच्या पॅकिंगला आहे ना, ती. मी ट्रेमेल."

"अस्सं. गेल्या थंडीत एका दिवसात ससे किती धरलेस?"

"चौदा."

"थापा मारू नकोस."

"चौदा, मिस्टर एझेल. मम्माला विचारा. तळून तळून कंटाळली होती ती."

मिस्टर एझेल हसले आणि त्यांनी मला त्याच्या डोक्यावर बसवले. मी अगदी घट्ट बसलो, जणू त्याच्यासाठीच घडवलेला.

हा खेळ तुमच्या ओळखीच्या फुटबॉलसारखा नाही. इथे चेंडू बगलेत दाबून पळायचे असते आणि समोरचे अकरा जण पळणाऱ्याला जमिनीवर पाडायला टपलेले असतात. मैदानाच्या कडेच्या रेघेबाहेर पाऊल पडले की पळणे तिथेच थांबते. ट्रेमेल हा चेंडू घेऊन पळणारा गडी. त्याला पाडणे सोपे नव्हते. समोरचा अंगावर झेप घ्यायचा आणि त्याच्या हाती नुसता वारा लागायचा. पहिल्या आठवड्याच्या सरावानंतर माझ्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता. मिस्टर एझेल मला पुसता पुसता कोच बर्डेटना म्हणाले, "कोच, या पोराच्या अंगात पंधरा वर्षांचं पळणं आहे. जपलं तर."

"पंधरा वर्षं घेऊन मी काय करू, एझेल?" कोच म्हणाले. "मला शुक्रवार पाहिजे."

शुक्रवारी संध्याकाळी सामना असे. आणि शनिवारी सकाळी, मित्रांनो, कोयते वाटले जात.

कोयता म्हणजे चंदेरी रंगाचा, कोयत्याच्या आकाराचा, बोटाच्या पेराएवढा स्टिकर. कोच बर्डेट एकेकाचे नाव घ्यायचे, तो पोरगा उठून पुढे यायचा आणि कोच त्याच्या हेल्मेटवर कोयता चिकटवून वर एक थाप मारायचे. नियम साधा होता. जो समोरच्याला तुडवून पुढे गेला, जो डोके खाली घालून आदळला आणि तरी उभा राहिला, त्याला कोयता. जो वळसा घालून निसटला किंवा मार चुकवायला कडेच्या रेघेबाहेर गेला त्याला काही नाही, मग तो शंभर पावले का पुढे गेलेला असेना. तळ्याकाठच्या त्या सगळ्या गावांत हीच रीत होती. ज्याच्या हेल्मेटवर काही नाही त्याला पोरे 'बोडक्या' म्हणायची.

त्या वर्षी संघात सगळ्यांत जास्त पळाला ट्रेमेल, आणि सामानाच्या खोलीतल्या फळीवर सगळ्यांत बोडका होतो मी. माझ्या शेजारचे हेल्मेट एका दांडग्या पोराचे होते. त्याच्यावर इतके कोयते होते की त्याचा निळा रंग शोधावा लागे. मला त्याचा हेवा वाटायचा. माझ्यावर एकही ओरखडा नाही, माझ्या आतले डोके शुक्रवारीही नीट आणि शनिवारीही नीट, हे माझे यश होते. पण मला ते कळत नव्हते. मलाही चमकायचे होते. हा माझा दोष.

मिस्टर एझेल ट्रेमेलला शिकवायचे. सराव संपला की ते त्याला शेंगा द्यायचे आणि म्हणायचे, "धडक येताना दिसली की तिला अर्धंच अंग द्यायचं, लेका. खांदा फिरवायचा, गुडघा हलका ठेवायचा, आणि जागाच नसेल तर रेघेबाहेर पाऊल टाकायचं. पडायचंच आहे, पण कसं पडायचं ते आपण ठरवायचं." ते स्वतः कधीकाळी कॅनडातल्या संघात अकरा वर्षे असेच चेंडू घेऊन पळाले होते. गावात त्यांचा फोटो कुठेच नव्हता.

नोव्हेंबरात पामर लॉकच्या संघाशी सामना होता. पामर लॉक म्हणजे शेजारचेच गाव, मध्ये एक कालवा. वर्षातले बाकी सगळे सामने हरले तरी चालतील, हा नाही. त्या संध्याकाळी हवेत जळक्या उसाची काजळी होती आणि गवत ओले होते. शेवटची दोन मिनिटे उरली होती. आम्ही मागे होतो. ट्रेमेलला चेंडू मिळाला. चेंडू आमच्याकडेच राहायचा तर चार पावले पुढे जायला हवे होते. तो कडेकडेने पळाला, एकाला चुकवले, दुसऱ्याला चुकवले आणि तिसऱ्या पावलाला समोरून दोघे आले, एक खालून, एक वरून. वळायला जागा नव्हती. ट्रेमेलने शिकवले होते तसे केले. त्याने रेघेबाहेर पाऊल टाकले.

वीतभर कमी पडले. चेंडू त्यांच्याकडे गेला आणि सामनाही गेला.

त्या रात्री गावात कोणी कोणाशी नीट बोलले नाही. शनिवारी सकाळी कोयते वाटून झाले तेव्हा कोच बर्डेट म्हणाले, "ट्रेमेल गॅस्किन. पुढे ये. तुझ्यासाठी खास आणलंय." ट्रेमेल मला घेऊन पुढे गेला. मला वाटले, आला आपला दिवस. कोचनी खिशातून एक पांढरी, मऊ वस्तू काढली, तिला गोंद लावला आणि ती माझ्या मागच्या बाजूला चिकटवली. ती सशाची शेपूट होती. सगळी खोली हसली. त्यांच्यात असा एकही पोरगा नव्हता जो सशामागे पळत मोठा झाला नव्हता, पण त्या दिवसापासून त्या गावात 'ससा' ही शिवी झाली. ट्रेमेलही हसला. हसण्यावाचून तो करणार काय होता.

दुपारी मिस्टर एझेल पातळ पात्याने ती शेपूट खरवडत बसले होते. ट्रेमेल दारात उभा होता.

"काढू नका," तो म्हणाला. "राहू द्या. लक्षात राहील."

"लक्षात काय ठेवायचंय त्यात? तू बरोबर केलंस. ती धडक पुरी बसली असती तर आज तू इथे उभा नसतास."

"आपण हरलो, मिस्टर एझेल."

"हरलो. पुढच्या वर्षी पुन्हा खेळू. त्यासाठी तू धड पाहिजेस."

ट्रेमेलने वर, दारावर पाहिले. मग म्हणाला, "दारावरच्या भिंतीवर सगळ्या जुन्या खेळाडूंचे फोटो आहेत. तुमचा कुठाय?"

मिस्टर एझेलचा हात थांबला. "माझा नाही," ते म्हणाले.

"मग?"

ते पुन्हा खरवडू लागले. ट्रेमेल निघून गेला.

थंडीत मला दुरुस्तीला पाठवले, रंग दिला, गाद्या दाबून पाहिल्या आणि आत तारखेची नवी चिठ्ठी लावली. शाळेत परत आलो तेव्हा ट्रेमेलची मान जाड झाली होती. पहिल्याच सामन्यात त्याच्यासमोर एक पोरगा आला. उजवीकडे अख्खे मैदान मोकळे होते. मी वाट पाहत होतो की आता वळेल. तो वळला नाही. त्याने डोके खाली घातले. मी त्या पोराच्या छातीवर आदळलो आणि तो पोरगा उताणा उडाला. लोक उभे राहिले. बँड वाजू लागला. माझ्या आत ट्रेमेलचे कपाळ गादीत रुतले आणि मागे गेले, आणि पळभर तो कोठेच नव्हता. मग तो उठला आणि चुकून समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. सगळे हसले. मलाही गंमत वाटली.

"डोकं दुखतंय?" कोचनी विचारले.

"नाही, कोच."

शनिवारी मला पहिला कोयता मिळाला. त्या वर्षी एकोणीस मिळाले. मी फळीवर ताठ बसायला लागलो.

शनिवारी दुपारी ट्रेमेल मला घरी न्यायचा, आपल्या हाताने पुसायचा आणि खाटेच्या उशाला ठेवायचा. तिथे मी जे पाहिले ते शाळेत कोणी पाहिले नाही. एकदा मिस ऑरीथा कामावरून आली तर पोरगा अंधार करून पडलेला.

"ट्रे, भर दुपारी पडदे का लावलेत?"

"ऊन लागतं डोळ्यांना."

"जेवलास? मासे ठेवले होते झाकून."

"जेवलो ना." तो जेवला नव्हता. ताट तसेच होते. ती ताटाकडे पाहत राहिली.

"डॉक्टरकडे जाऊ या?"

"मम्मा, डॉक्टर काय सांगणार? खेळू नको म्हणून सांगणार. मग?"

मक्याच्या पॅकिंगशिवाय आणि उसाशिवाय त्या गावात दुसरे काही नव्हते, आणि पोराने तिथे जाऊ नये असे तिलाच वाटत होते. तिने पडदा नीट सारखा केला आणि ताट उचलून नेले.

शेवटच्या वर्षी, मित्रांनो, माझ्यावर चाळीस कोयते होते. शुक्रवारी पामर लॉकशी सामना होता, पुन्हा नोव्हेंबर, पुन्हा काजळी. ट्रेमेल कडेच्या रेघेजवळून पळत होता आणि दोन वर्षांपूर्वीसारखेच समोरून दोघे आले, एक खालून, एक वरून. रेघ अगदी पायाशी होती. त्याने तिच्याकडे पाहिले. मी शपथेवर सांगतो, त्याने पाहिले. मग त्याने डोके खाली घातले. माझ्यावर उजवीकडून असा घाव बसला की माझ्यातून कट् असा आवाज आला. तो बँडमध्ये कोणाला ऐकू गेला नाही. आम्ही जिंकलो. गावात पहाटेपर्यंत गाड्यांचे भोंगे वाजत होते. शनिवारी एक्केचाळिसावा कोयता मिळाला आणि कोचनी एवढी जोरात थाप मारली की तडा थोडा आणखी पुढे सरकला.

सोमवारी मिस्टर एझेलनी सगळी हेल्मेटे तपासायला घेतली. ते प्रत्येकाला दिव्याखाली धरायचे, अंगठ्याने दाबायचे, आत बोटे फिरवायचे. मला धरले आणि ते थांबले. चष्मा लावला. पुन्हा पाहिले.

"हे बाद," ते म्हणाले.

कोच बर्डेटनी वाकून पाहिले. "एवढासा तर आहे. दिसतसुद्धा नाही."

"एवढासाच असतो. नियम आहे, कोच. तडा गेलेलं हेल्मेट कोणाच्या डोक्यावर चढवायचं नाही."

"बरं, बाद तर बाद. त्याला दुसरं दे. शुक्रवारी पुढची फेरी आहे."

मिस्टर एझेल खिडकीतून बाहेर पाहत होते. बाहेर ट्रेमेल सराव करत होता. "आणि त्या पोराला कोण धरणार दिव्याखाली?" त्यांनी विचारले.

"त्याला काय धाड भरलीय? तीन कॉलेजं दारात उभी आहेत त्याच्या."

मिस्टर एझेलनी मला पिशवीत घातले आणि मिस ऑरीथाच्या घरी आणून दिले. तिने बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या समोरच्या भिंतीला, मला खिळ्यावर टांगले. ट्रेमेलच्या डोक्यावर त्या आठवड्यात नवे हेल्मेट बसले. डोके तेच होते.

त्यानंतर मी त्याला टीव्हीतच पाहिले. कॉलेजात तीन वर्षे. दर शनिवारी मिस ऑरीथाच्या घरी शेजारपाजार जमायचा, कोंबडी तळली जायची आणि टीव्हीतला माणूस ओरडायचा की हा गॅस्किन भिंतीला चुकवत नाही, भिंतीतून जातो. लोक माझ्याकडे बोट दाखवायचे. मग त्याला मोठ्या शहरातल्या मोठ्या संघाने घेतले. पहिल्या वर्षी त्याचा चेहरा बसगाड्यांवर लागला. दुसऱ्या वर्षी गुडघा गेला. तो शिवून पुन्हा उभा राहिला तेव्हा त्याचे वळणे संपले होते. म्हणजे ते त्याने मनाने आधीच सोडले होते, आता पायांनीही सोडले. तिसऱ्या वर्षी तो सरळच पळायचा, आणि सरळ पळणाऱ्याला सगळे धरतात. त्या वर्षी मी त्याला दोनदा मैदानावर उताणा पडलेला पाहिला. दोन्ही वेळा मिस ऑरीथाने टीव्हीचा आवाज बंद केला आणि तो उठेपर्यंत उभी राहिली.

फोनवर तो एकच गोष्ट दोनदा सांगू लागला. ती दोन्ही वेळा नव्याने ऐकल्यासारखे "हो का," म्हणायची.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी फोन आला. तिने तो कानाला लावून बराच वेळ ऐकले.

"काय म्हणाले?" तिने विचारले. फोनमधला त्याचा आवाज मलाही ऐकू येत होता, इतके घर शांत होते.

"एकवीस वर्षांचा पोरगा आणलाय त्यांनी. माझ्यासारखाच पळतो म्हणाले."

"आणि तू?"

"मी येतो घरी."

शाळेची तीन, कॉलेजची तीन, पुढची तीन. नऊ वर्षे झाली. मिस्टर एझेल पंधरा म्हणाले होते. चोविसाव्या वर्षी माझा ट्रेमेल म्हातारा होऊन घरी आला. जिना उतरताना तो कठडा धरायचा. चुलीवर भांडे ठेवून विसरायचा. दिवसा पडदे लावायचा. कधीकधी एवढ्या तेवढ्यावरून संतापायचा आणि मग मिस ऑरीथाच्या पायाशी बसून रडायचा. तिने कामाची वेळ बदलून घेतली.

थंडीत फड पेटले. मिस्टर एझेल आता सत्तरीला टेकले होते, तरी ते ट्रेमेलला घेऊन फडाकडे गेले. परतले तेव्हा त्यांच्या हातात एक ससा होता.

"कोणी धरला?" मिस ऑरीथाने विचारले.

"यांनी," ट्रेमेल हसून म्हणाला. "माझ्या पायाला चाटून गेला, मम्मा. मला वळताच आलं नाही."

मिस्टर एझेल हसले नाहीत. ते ससा सोलायला अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

पुढच्या वर्षी, सामने सुरू झाल्यावर, कोच बर्डेट घरी आले. त्यांचे केस पांढरे झाले होते. ते मनाने वाईट नव्हते. ट्रेमेलला त्यांनी मिठी मारली ती खरी होती. "शनिवारी ये," ते म्हणाले. "पोरांना तुझं हेल्मेट दाखव. एकेका कोयत्याची गोष्ट सांग. त्यांना कळू दे कोयता कसा मिळवतात."

"कोच, त्याला फार बोलायला लावू नका," मिस ऑरीथा म्हणाली.

"अहो, पाच मिनिटं."

मिस्टर एझेल सोबत आले. त्या खोलीत मी इतक्या वर्षांनी गेलो. तोच घामाचा वास, तीच फळी. दारावरच्या भिंतीवर ट्रेमेलचा फोटो होता, सगळ्यांत मोठा. समोर पन्नासेक पोरे मांडीवर हेल्मेटे घेऊन बसली होती. ट्रेमेलने मला उचलून एका कोयत्यावर बोट ठेवले.

"हा पामर लॉकच्या सामन्यातला," तो म्हणाला. "तेव्हा तिकडून... तिकडून एक जण आला, आणि मी..." तो थांबला. तो कोयता पामर लॉकचा नव्हता. तो सप्टेंबरातला होता. मला माहीत आहे, मी तिथे होतो.

"पामर लॉकचा तो शेवटचा, कपाळावरचा," कोच हसत म्हणाले. "हा वेगळा."

"हो. शेवटचा." त्याने बोट सरकवले. "हा... हा घरच्या मैदानावरचा. नाही?" त्याने कोचकडे पाहिले. मग पुढच्यावर बोट ठेवले. मग त्याच्या पुढच्यावर. एक्केचाळीस कोयते होते आणि त्याला एकही ओळखू येत नव्हता. पोरे आधी हसऱ्या चेहऱ्याने बसली होती. हळूहळू ती आपापल्या बुटांकडे पाहू लागली.

मग ट्रेमेलने मला उलटे फिरवले आणि माझ्या मागच्या बाजूवरून हात फिरवला. तिथे काहीच नव्हते.

"कोच," तो म्हणाला, "इथे तुम्ही सशाची शेपूट चिकटवली होती."

कोचचे हसू मावळले. "ते होय. अरे, गंमत होती ती."

"गवत ओलं होतं. काजळी पडत होती. मम्मा पिवळा स्वेटर घालून तिसऱ्या पायरीवर बसली होती. एक खालून आला, एक वरून. त्या वरच्याचा एक दात पडलेला होता. मी रेघेबाहेर पाऊल टाकलं, डावं." तो एकदम स्पष्ट बोलत होता. "तो सामना मला सगळा आठवतो. त्यानंतरचं कोणी सांगितलं तर कळतं."

मिस्टर एझेलनी डोळ्यांवरून हात फिरवला. कोच बर्डेटनी खाकरून घसा साफ केला. मला वाटले, आता ते काहीतरी बोलतील. त्यांनी खिशातून चष्मा काढला, यादी काढली आणि म्हणाले, "बरं. टाळ्या वाजवा ट्रेमेलसाठी. आता कालचे कोयते."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग एकेक नाव पुकारले गेले, एकेक पोरगा उठला, कोयता घेतला, थाप घेतली आणि जागेवर बसला. कोणी नको म्हटले नाही. मी पन्नास हेल्मेटांकडे पाहत होतो. त्यांतली बोडकी कोणती ते लगेच कळत होते. ती मान खाली घालून होती, पहिल्या वर्षीच्या माझ्यासारखीच.

घरी येताना ट्रेमेल आपल्याच गल्लीच्या कोपऱ्यावर उजवीकडे वळला. घर डावीकडे आहे. मिस्टर एझेलनी त्याचे कोपर धरले आणि त्याला वळवले.

मिस ऑरीथा शेंगा उकडत होती. ट्रेमेल मला मांडीवर घेऊन खुर्चीवर बसला. मी उलटाच होतो, तोंड वर. त्याने आत पाहिले. टाळूच्या जागी तो कागद होता, घामाने पिवळा पडलेला, पण अक्षरे शाबूत. ट्रेमेलने त्यावर बोट ठेवले आणि वाचू लागला. ओळ चुकायची, तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. तिसऱ्यांदा तो शेवटपर्यंत गेला. लिहिले होते की हे हेल्मेट घालून डोक्याने धडक मारू नका. कोणतेही हेल्मेट डोक्याच्या आतली इजा थांबवू शकत नाही.

"मम्मा," त्याने विचारले, "हे आधीपासून होतं इथे?"

मिस ऑरीथाने येऊन त्याच्या खांद्यावरून वाचले.

"होतं, लेका," मिस्टर एझेल म्हणाले. "सगळ्यांत असतं."

ट्रेमेलने मान हलवली, मला कुशीत घ्यावे तसे दोन्ही हातांनी धरले. थोड्या वेळाने त्याने पुन्हा आत पाहिले, कागदावर बोट ठेवले आणि विचारले, "मम्मा, हे आधीपासून होतं इथे?"

मित्रांनो, आता मी पुन्हा खिळ्यावर आहे. माझा एक बारीक तडा कोणीतरी दिव्याखाली धरून पाहिला आणि त्याच दिवशी मला थांबवले. माझ्यावर प्रेम नसलेल्या नियमाने माझी एवढी काळजी घेतली. तुमच्यातही कोणीतरी चांगले पळत असेल, चांगले खेळत असेल. त्याने मार चुकवला, तो बाजूला झाला, वीतभर कमी पडला, तर त्याला हसू नका. त्याला बोडकाच राहू द्या. पडदे लावून बसला तर जवळ जाऊन विचारा, आणि 'काही नाही' म्हणाला तर पुन्हा विचारा. मी तीन वर्षे त्याच्या सगळ्यांत जवळ होतो. जे सांगायचे ते माझ्याच आत लिहिलेले होते, आणि मला कोयता हवा होता.